बाद झालेल्यांचं काय करायचं?

रावेतमध्ये सात वर्षांच्या मुलीचा वाढदिवस करायचा म्हटला, तर केक, फुगे, भिंतीवर लावायची सोनेरी अक्षरं आणि रिटर्न गिफ्ट या सगळ्याची सोय भोंडवे कॉर्नरच्या आसपास तासाभरात होते. सोसायटीचं क्लबहाऊस फोनवर बुक होतं. घोडं अडतं ते पुढेच. वीस मुलं हॉलमध्ये जमली आहेत, केक कापायला अजून दीड तास आहे, तर तोवर त्यांना खेळवायचं कोणी? बरीच घरं त्यासाठी अँकर बोलावतात. तो माइक आणि स्पीकर घेऊन येतो, गाणी लावतो, बक्षिसं वाटतो. आम्ही ठरवलं की या वर्षी घरच्या घरी करायचं. सजावट, जेवण आणि पाहुणे बायकोनं घेतले. खेळ माझ्याकडे आले.

मी चाकणला एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर सुपरवायझर आहे. पन्नास माणसांची पाळी लावायची असेल तर लावू शकतो. वीस मुलांना एका वेळी काय करायला सांगायचं, हे मात्र मला अजिबात माहीत नव्हतं. स्वतः लहानपणी खेळलेलं आठवत होतं, पण ते खेळ कोणी घेतलेच नव्हते, ते नुसते सुरू व्हायचे. कोणावर राज्य, कोण सुटलं, कुठवर पळायचं, हे कोण ठरवायचं ते आठवून पाहिलं तर एकही मोठा माणूस डोळ्यांपुढे येत नव्हता.

म्हणून याद्या शोधल्या. सगळीकडे तेच खेळ : संगीत खुर्ची, पासिंग द पार्सल, फुगा फोडणे, गाणं थांबलं की स्टॅच्यू. यांत एक गोष्ट सारखी होती, चुकला की बाहेर. लेकीला विचारलं तर तिनंही पहिलं नाव संगीत खुर्चीचंच घेतलं, कारण सगळ्यांच्या पार्टीत ती असते. तिथे मला माझ्या कामाची सवय आडवी आली. लाइनवर माणूस रिकामा उभा राहिला तर तो वेळ आम्हाला लिहून काढावा लागतो. तसाच हिशेब इथे मांडला. मुलं २०, खुर्च्या १९. दर फेरीला एक मूल बाद, म्हणजे विजेता ठरायला १९ फेऱ्या. पहिल्यांदा बाद झालेलं मूल पुढच्या १८ फेऱ्या नुसतं बसतं, त्याच्यानंतरचं १७, त्याच्यानंतरचं १६. सगळी बेरीज १७१ होते. २० मुलांच्या १९ फेऱ्या म्हणजे एकूण ३८०. पार्टीला आलेल्या मुलांचा ४५ टक्के वेळ भिंतीला टेकून जाणार. आणि आधी बाद होणार कोण, तर ज्याला पळता येत नाही तो. म्हणजे सगळ्यांत लहान मूल सगळ्यांत जास्त वेळ बसणार, आणि चार वर्षांच्या मुलाला बसणंच तर जमत नाही.

माझी ताई सांगोला तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. तिला फोन केला. कोणते खेळ घेऊ, असं विचारायला मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, "खेळ कोणते ते राहू दे. आउट झालेल्या पोरांचं काय करणार आहेस ते आधी सांग."

मी तिला माझा हिशेब सांगितला. तिला त्याचं फार कौतुक वाटलं नाही. "हे आम्हाला पहिल्याच वर्षी वर्गात कळतं. तुला विषामृत येतं ना? त्यात कोण बसून राहतं?"

येत होतं. ज्याच्यावर राज्य आहे तो शिवून 'विष' म्हणाला की जागच्या जागी बसायचं. दुसऱ्या कुणी येऊन 'अमृत' म्हणून शिवलं की उठून पुन्हा पळायचं. बसलेलं मूल रिकामं नसतं. ते हात पसरून, ओरडून, कोणीतरी यावं म्हणून जिवाचा आटापिटा करत असतं. साखळीच्या खेळात पकडला गेलेला साखळीतच हात धरून उभा राहतो आणि पुढच्याला पकडायला धावतो. डबडा ऐसपैसमध्ये सापडलेले सगळे एका जागी उभे असतात, पण एखाद्यानं लपतछपत येऊन डबडं उडवलं की सगळेच सुटतात. खो-खोत तर बसणं हाच अर्धा खेळ. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी चौकोनात एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेले, नववा धावतो, आणि 'खो' कधी मिळेल याचा नेम नाही म्हणून बसलेला प्रत्येक जण उठायच्या तयारीत असतो. पळणारेही तिघातिघांच्या तुकडीनं उतरतात. एक तुकडी बाद झाली की दुसरी लगेच आत. या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली लिहून काढले. त्याआधी किती पिढ्या तो नियमांच्या कागदाशिवाय खेळत होत्या कोण जाणे.

ताईनं मग खेळ घ्यायचा कसा ते सांगितलं. मला हेच हवं होतं, कारण ते कुठल्याच यादीत नव्हतं. नियम तीन वाक्यांत संपला पाहिजे. चौथं वाक्य लागलं तर तो खेळ या वयाचा नाही. एक खोटा डाव आधी खेळायचा, ज्यात कोणी आउट नाही आणि गुण नाहीत, नियम त्यातच कळतो. शिट्टी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, हात वर करून गप्प उभं राहायचं. जे बघेल तेही हात वर करतं, आणि थोड्या वेळात सगळे शांत होतात. खेळ रंगात आला की थांबवायचा. "पोरं 'अजून एकदा' म्हणाली पाहिजेत," ती म्हणाली, "कंटाळून थांबली तर पुढचा खेळ मेला."

आणि आमच्या मुलांबद्दल तिनं एक प्रश्न विचारला, ज्याचा मी विचारच केला नव्हता. "तुमच्याकडच्या पोरांना एकमेकांचे खेळ येतात का रे?"

येत नाहीत. रावेत १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आता इथे आमच्यासारख्या टॉवरांमधली घरं आहेत, आणि त्या घरांत माणसं कुठून कुठून आलेली. आमच्या मजल्यावर एक घर केरळचं, एक बिहारचं, एक आंध्रचं आणि आम्ही सोलापूरकडचे. मुलं आपापसांत हिंदी बोलतात. शाळा वेगळ्या, बस वेगळ्या वेळेला येणाऱ्या. क्रिकेट, सायकल आणि पकडापकडी सोडली तर सगळ्यांना ठाऊक असलेला एकही खेळ नव्हता. तेव्हा मी जे काही घेणार, ते निम्म्या मुलांना नवं असणार होतं. तीन वाक्यांचा नियम मग हिंदीतही तीनच वाक्यांत बसायला हवा. मी तो आरशासमोर म्हणून पाहिला.

संगीत खुर्चीचं काय करायचं, याचं उत्तर मात्र दुसरीकडून आलं. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाचे टेरी ऑर्लिक यांनी १९७८ साली एकमेकांना धरून खेळायच्या खेळांवर पुस्तक लिहिलं. त्यात संगीत खुर्चीचा असा प्रकार आहे की दर फेरीला खुर्ची काढायची, मूल काढायचं नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मावायचं. वाचल्या वाचल्या मला तो पटला. अडचण फक्त खुर्च्यांची होती. क्लबहाऊसच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चार मुलं चढली तर तिचे पाय पसरतात आणि मुलं फरशीवर आपटतात. म्हणून योगाच्या वर्गाच्या मॅट मागून घेतल्या. त्या फरशीवर सरकत नाहीत. मुलांना मोजे काढून अनवाणी यायला सांगितलं, कारण हॉलच्या गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी धावणं म्हणजे दात पाडून घेणं.

औक्षण उरकून मुलं हॉलमध्ये आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, हे खरं सांगतो. चार वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतची वीस-एकवीस मुलं, भिंतीला लागून आया, आणि सगळे माझ्याकडे बघत उभे. मी हात वर केला आणि थांबलो. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग लेकीनं हात वर केला, तिच्या शेजारच्या मुलीनं केला, आणि आवाज हळूहळू खाली आला. मला ते अजून जादूसारखं वाटतं.

आठ मॅट अंथरल्या. गाणं सुरू, मुलं गोल धावतात, गाणं थांबलं की मॅटवर. फरशीला कुणाचाही पाय लागता कामा नये, आणि लागला तर सगळे मिळून हरले. पहिल्या दोन-तीन फेऱ्या मुलं जुन्या सवयीनं एकमेकांना ढकलत होती. जागा धरून ठेवायची, दुसऱ्याला कोपरानं बाहेर काढायचं. खाली पडलेली मुलं उठून भिंतीकडे निघालीसुद्धा, आपण बाद झालो असं धरून. त्यांना परत बोलवावं लागलं. चार मॅट उरल्या तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं, "अरे, उसको अंदर ले!" तिथून खेळ बदलला. दोन मॅट उरल्या तेव्हा अकराव्या मजल्यावरचा एक मोठा मुलगा एका पायावर उभा होता, चार वर्षांच्या एका पिल्लाला त्यानं कडेवर घेतलं होतं, त्याच्या कमरेला केरळच्या जुळ्या बहिणींपैकी एकीनं विळखा घातला होता आणि दुसरी त्या बहिणीच्या पावलांवर पावलं ठेवून उभी होती. मधली मुलं हसता हसता हलत होती, आणि कडेची ओरडत होती की हसू नका, पडू. एक मॅट काढा, एकच ठेवा, अशी मागणी मुलांकडूनच आली. मी ठेवली नाही. ताईनं सांगितलेलं लक्षात होतं. सगळ्यांच्या तोंडी 'अजून एकदा' असताना मी हात वर केला.

मग सगळे पोडियमवर आलो. तिथे गाड्या येत नाहीत, आणि संध्याकाळी फरशीचं ऊन उतरलेलं असतं. विषामृत घेतलं. तीन वाक्यं हिंदीत सांगितली, एक खोटा डाव झाला, आणि त्यात राज्य माझ्यावरच घेतलं. चार वर्षांच्या दोघांना लिंबूटिंबू ठरवलं, म्हणजे त्यांना शिवलं तरी विष लागत नाही, पण अमृत मात्र ते देऊ शकतात. हे माझ्या डोक्यातलं नव्हतं. आंध्रच्या घरातली आई म्हणाली की त्यांच्याकडेही लहानग्यांना असंच खेळात धरतात, मग मी लिंबूटिंबू आणि विषामृत या दोन्ही गोष्टी जोडल्या. याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. पाच मिनिटांत ते दोघं खेळातले सगळ्यांत महत्त्वाचे गडी झाले. मोठी मुलं बसल्या जागेवरून त्यांच्या नावानं हाका मारत होती, "इधर आ, इधर आ, मुझे छू!" आणि ती दुडूदुडू धावत जाऊन एकेकाला उठवत होती. विष देणाऱ्याला ती दिसत होती, पण अडवता येत नव्हती.

अडचण यानंतर आली, आणि सगळ्यांत जास्त विचार मी तिचाच केला आहे. पाणी प्यायला थांबलो तेव्हा दहा वर्षांची एक मुलगी माझ्याजवळ आली. शाळेच्या संघात खेळणारी असावी, पळताना ती कुणाच्याच हाती लागली नव्हती. म्हणाली, "काका, छान होतं. पण जिंकलं कोण?"

मी म्हणालो, सगळेच. तिचा चेहरा पडला. तिच्यामागे उभ्या असलेल्या तीन-चार मोठ्या मुलांचाही. ती चांगली पळाली होती, आणि त्याचा काही हिशेब कुठे धरला जाणार नव्हता. मॅटच्या खेळात लहान मुलांना जे मिळालं, ते मोठ्यांना पुरलं नाही. मला तिचं म्हणणं खोडता आलं नाही. आजही खोडावंसं वाटत नाही.

मोठ्यांसाठी मी रुमाल पळवणे राखून ठेवलं होतं. ते त्या वेळी कामाला आलं. दोन संघ, दोन्हींत एक ते सात क्रमांक, मध्ये रुमाल. ज्या क्रमांकाची हाक येईल ते दोघं धावतात, रुमाल उचलून जो न शिवता परत येतो त्याच्या संघाला गुण. गुण जातो, गडी जात नाही. दोघं रुमालाभोवती वाकून, हात पुढे-मागे करत, एकमेकांच्या डोळ्यांत बघत अर्धा मिनिट नुसते उभे राहतात तेव्हा बाकीचे बारा जण श्वास धरून बसलेले असतात. त्या मुलीनं बराच वेळ रुमालाकडे न बघता समोरच्याच्या पायांकडे बघितलं, त्याचा भार मागच्या टाचेवर गेलेला हेरला, आणि तेवढ्यात रुमाल घेऊन गेली. कोणी शिकवलं नव्हतं.

खेळून झाल्यावर कट्ट्यावर बसलो असताना त्यांना कबड्डीचं सांगितलं. प्रो कबड्डी सगळ्यांनी पाहिलेली, पण आपल्याकडे तिला हुतूतू म्हणायचे आणि ती तीन तऱ्हांनी खेळली जायची हे कुणालाच माहीत नव्हतं. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, फक्त समोरच्यांना गुण मिळतो. गामिनीत बाद झालेला पूर्ण संघ संपेपर्यंत बाहेरच बसतो. संजीवनीत बाद झालेला बाहेर जातो, पण आपल्या संघानं समोरचा एक गडी टिपला की आपला एक परत जिवंत होतो. आज जगभर जी कबड्डी खेळतात ती संजीवनीवर उभी आहे. म्हणजे बाद झालेल्यांचं काय करायचं, या प्रश्नावर जुन्या माणसांनी तीन वेगवेगळी उत्तरं करून पाहिली होती, आणि शेवटी टिकलं ते मधल्या वाटेचं. अमरमध्ये बाद होण्याला धार नाही. गामिनीत निम्मा संघ प्रेक्षक होतो. संजीवनीत बाद होणं लागतं, आणि परत येणं आपल्या सोबत्यांच्या हातात असतं. विषामृतही तेच, डबडा ऐसपैसही तेच. पार्टीसाठी खेळ निवडताना मला आता हीच एक कसोटी पुरते.

"हे ऑलिंपिकमध्ये आहे का?" अकराव्या मजल्यावरच्या मुलानं विचारलं. अजून नाही, म्हणालो, पण १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू तिथे जाऊन आपले खेळ दाखवून आले होते. १९९० पासून आशियाई खेळांत कबड्डी आहे. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्हीकडे अंतिम सामन्यात समोर नेपाळ होतं. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. त्या मुलीनं प्रियांकाचं नाव दोनदा विचारून घेतलं.

बक्षीस मी ठेवलं नव्हतं. रिटर्न गिफ्ट सगळ्यांना सारखी होती, आणि रुमालाचा निकाल मुलांनी तोंडपाठ केला होता, तेवढा त्यांना पुरला. आयांपैकी दोघी-तिघींनी विचारलं की अमक्या मुलाला फोनशिवाय इतका वेळ कसं बसवलं. बसवलंच नव्हतं, एवढंच सांगता आलं.

केरळच्या जुळ्या मुलींचा वाढदिवस पुढे येतो आहे आणि त्यांच्या आईनं खेळ घ्यायला मलाच सांगितलं आहे. या वेळी वयाप्रमाणे दोन गट करणार आहे. लहानांना आधी मॅट, मग दोन्ही गटांना मिळून विषामृत, आणि तासभर झाला की मोठ्यांना वेगळं घेऊन सात-सातची संजीवनी. कमिटीनं पोडियमवर खडूच्या रेघा आखायला नाही म्हटलं आहे, तेव्हा कंपनीत जमिनीवर लावतात तशी रंगीत टेप लावून नंतर काढून घेईन. मुलांना डबडा ऐसपैसही हवं आहे, कारण मी ते नुसतं सांगितलं होतं. त्याला लपायला जागा लागते, आणि आमच्याकडे लपण्यासारखी जागा म्हणजे पार्किंग. तिथे गाड्या मागे घेताना खालचं मूल दिसत नाही, म्हणून पार्किंगला मी साफ नकार दिला. क्लबहाऊसच्या मागची कुंड्या-झाडांची पट्टी आणि जिन्याखालचे दोन कोपरे एवढ्यात वीस मुलं लपतील का, हे येत्या रविवारी मोठ्या मुलांना घेऊन बघायचं आहे. डबडं म्हणून तेलाचा रिकामा डबा त्यांनी आधीच शोधून ठेवलाय. त्याच्या कडा तेवढ्या ठोकून घ्यायच्या आहेत.